५०० अब्ज दिनारची नोट आणि ७४ वर्षांचे आजोबा

सावाकाठी (धागाकर्ता)

कामानिमित्त बेलग्रेडला तीन वर्षं होतो, तेव्हा एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायचो. त्या आजींच्या स्वयंपाकघरातल्या खणात, जुन्या पावत्या आणि रबरबँडांच्या पसाऱ्यात एक नोट होती. पहिल्यांदा हातात आली तेव्हा मी शून्यं मोजायला बसलो. एकेका शून्यावर बोट ठेवत मोजली, मध्येच चुकलो, परत मोजली. ५ आणि त्यापुढे ११ शून्यं. ५०० अब्ज दिनार, म्हणजे ५० हजार कोटी. नोटेवर चित्र होतं योवान योवानोविच झ्माय यांचं. पेशाने डॉक्टर, पण सर्बियातली पोरं ज्यांच्या बालकविता म्हणत मोठी होतात ते कवी. आजी म्हणाल्या, "झ्मायच्या कविता मी वर्गात शिकवायचे आणि पगार म्हणून मला झ्मायच मिळायचे. घरी पोचेपर्यंत त्यांची किंमत उतरलेली असायची."

त्या नोटेचे फोटो इंटरनेटवर गंमत म्हणून फिरतात. ती छापणं ज्या माणसाने थांबवलं त्याच्याबद्दल मराठीत मला काही सापडलं नाही, म्हणून हा धागा. त्यांचं नाव द्रागोस्लाव अव्रामोविच. सर्बियात त्यांना आजही 'देदा अव्राम' म्हणतात. देदा म्हणजे आजोबा.

जन्म १४ ऑक्टोबर १९१९, स्कोप्येचा. बेलग्रेडच्या विधी महाविद्यालयातून शिकले आणि अर्थशास्त्राकडे वळले. १९५० च्या दशकात जागतिक बँकेत गेले आणि दोन दशकांहून जास्त काळ तिथेच राहिले. गरीब देशांनी घेतलेलं परदेशी कर्ज त्यांना कितपत फेडता येईल, याचा अभ्यास तेव्हा नवा होता. त्या विषयात पहिल्यांदा पद्धतशीर काम करणाऱ्यांत त्यांचं नाव घेतात. पुढे जर्मनीचे माजी चॅन्सेलर विली ब्रांट यांच्या अध्यक्षतेखाली श्रीमंत आणि गरीब देशांमधल्या दरीवर एक आयोग बसला. त्याच्या जिनिव्हातल्या सचिवालयाची धुरा अव्रामोविच आणि स्वीडनचे गोरान ओलिन या दोघांकडे होती. नंतर संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारविषयक संस्थेत सल्लागार, आणि मग निवृत्ती. अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळ मेरीलँडमध्ये घर. इथे गोष्ट संपली असती तर अर्थशास्त्राच्या वर्तुळाबाहेर त्यांना कुणी ओळखलं नसतं.

आता बेलग्रेडकडे येऊ. युगोस्लाव्हिया फुटला होता. ३० मे १९९२ ला संयुक्त राष्ट्रांनी सर्बिया आणि माँटेनेग्रो मिळून उरलेल्या देशावर निर्बंध लादले. व्यापार बंद, कारखाने बंद, घरी बसवलेल्या कामगारांना पगार मात्र चालू. शेजारच्या बोस्निया आणि क्रोएशियातल्या युद्धाचा खर्चही चालूच. कर गोळा होईना. उरला छापखाना. टोपचिदेरच्या टाकसाळीत रात्रंदिवस नोटा निघत होत्या. १ ऑक्टोबर १९९३ ला दिनारवरची ६ शून्यं कापली. तीन महिन्यांनी, १ जानेवारी १९९४ ला, आणखी ९ कापली. म्हणजे डिसेंबरात आलेली आजींची ही नोट नव्या वर्षात ५०० दिनारची झाली, आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एका जर्मन मार्काला असे सव्वा कोटीच्या आसपास दिनार पडत होते.

पगाराच्या दिवशी आजींचे यजमान शाळेच्या फाटकाबाहेर उभे असायचे. आजी आतून पाकीट आणायच्या आणि त्यांच्या हातात द्यायच्या. यजमान तिथून थेट चौकात पळायचे. चौकात चलन विकणारी पोरं उभी असायची आणि ओठ न हलवता पुटपुटत राहायची, "देविझे, देविझे". देविझे म्हणजे परकीय चलन. दहा-बारा जण एकदम पुटपुटायला लागले की लांबून माश्या गुणगुणल्यासारखं ऐकू यायचं. दिनार देऊन जेवढे मार्क मिळतील तेवढे घ्यायचे. आजींनी पुढचा तास घेऊन मग पैसे बदलले असते, तर त्या एका तासाचेही मार्क कमी झाले असते.

१९९३ च्या शेवटी अव्रामोविच बेलग्रेडला आले. वय ७४. त्यांनी आणि काही अर्थतज्ज्ञांनी मिळून एक योजना मांडली. २४ जानेवारी १९९४ ला 'नवा दिनार' आला, लोकांच्या तोंडी 'सुपरदिनार'. एक नवा दिनार म्हणजे एक जर्मन मार्क, आणि बँकेकडे जेवढं सोनं आणि परकीय चलन आहे तेवढेच नवे दिनार काढायचे. भाव जागच्या जागी थांबले. २ मार्चला ते युगोस्लाव्हियाच्या राष्ट्रीय बँकेचे गव्हर्नर झाले.

आजींनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. नवा दिनार आल्यावर त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून कॉफी घेतली. दुसऱ्या दिवशी काही घ्यायचं नव्हतं, तरी त्या दुकानात गेल्या आणि कॉफीच्या खालची चिठ्ठी वाचून आल्या. तोच भाव. तिसऱ्या दिवशी परत गेल्या. आठवडाभर हे चाललं. दुकानदारीणबाई काही बोलल्या नाहीत, कारण बाकीच्या बायकाही तेच करत होत्या.

गव्हर्नरपदावरून ते राजकारणात कसे ओढले गेले आणि तिथे काय झालं, ते प्रतिसादांच्या ओघात लिहितो.

---

उंबरठा

वाचनखूण साठवली. कॉफीची चिठ्ठी वाचायला जाणाऱ्या बायका डोळ्यांसमोर आल्या. एक कळलं नाही. देशात युद्ध, निर्बंध, कारखाने बंद. सगळं तसंच असताना नुसती नवी नोट काढल्याने भाव थांबले कसे? आधीही दोनदा शून्यं कापलीच होती की.

---

आकडेमोड

@उंबरठा, हाच खरा प्रश्न आहे. बँकेत नोकरी झाल्यामुळे यावर जरा सविस्तर लिहितो.

आधी वेग लक्षात घ्या. जानेवारी १९९४ मधली महागाई महिन्याला ३१ कोटी टक्क्यांच्या वर होती. हा आकडा डोक्यात बसत नाही, म्हणून असा बघा: महिन्याभरात भाव साधारण ३१ लाख पट झाले. ३१ लाख पट व्हायला साडेएकवीस वेळा दुप्पट व्हावं लागतं. महिन्याचे ७४४ तास भागिले साडेएकवीस, म्हणजे दर ३४-३५ तासांनी भाव दुप्पट. आज सकाळी १० दिनारला असलेली पाव रोटी उद्या रात्री २० दिनारला.

असं झालं की लोक दिनार हातात ठेवतच नाहीत, मिळाला की टाकतात. मग देशात फिरणाऱ्या सगळ्या दिनारांची मार्कात किंमत काढली तर ती अगदी चिमूटभर भरते. कागद डोंगराएवढा आणि किंमत मुठीएवढी. अव्रामोविचांनी नेमकं हे हेरलं. किंमत मुठीएवढीच असेल तर तेवढ्याला पुरेल एवढं सोनं आणि चलन कंगाल सरकारच्या तिजोरीतही निघतं. म्हणजे पहिल्या दिवशीचा प्रत्येक नवा दिनार खरोखरच मार्काने झाकता येत होता. आधी शून्यं कापली तेव्हा नुसता कागद बदलला होता, त्यामागे काही ठेवलं नव्हतं आणि छापखानाही थांबवला नव्हता. हा फरक.

दुसरी गोष्ट कराची. समजा, तुम्ही महिन्याच्या सुरुवातीला माल विकला आणि त्यावरचा कर महिनाअखेर भरला. भाव दर दीड दिवसाला दुप्पट होत असतील, तर सरकारच्या हातात पडतो तेव्हा तो कर मातीमोल असतो. त्या काळात लोक धनादेशाने सामान घ्यायचे, कारण धनादेश वटेपर्यंत रक्कम उडून जायची. नुकसान दुकानदाराचं. भाव थांबले की तोच कर, त्याच दराने, एकदम वजनदार होतो. सरकारला नोटा न छापता उत्पन्न मिळायला लागतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. दिनार टिकतोय हे दिसल्यावर लोकांनी गादीखालचे मार्क बाहेर काढून बँकेत दिनार घेतले. म्हणजे बँकेचा चलनसाठा लोकांनीच वाढवला. त्यावर आणखी दिनार काढता आले आणि भाव हलले नाहीत. मोडलेला विश्वास एकदा परत आला की तो असा स्वतःच्या पायावर चालू लागतो.

पण हे सगळं एका शब्दावर उभं होतं: साठ्याबाहेर नोट काढणार नाही. सर्बियाचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष मिलोशेविच, त्याने दिला असता तर हा शब्द कुणी मानला नसता.

---

चौसष्ट घरं

माझा या देशाशी पहिला संबंध बुद्धिबळामुळे आला. १९९२ ला बॉबी फिशर वीस वर्षांनी खेळायला बाहेर आला तो इथेच. स्वेती स्तेफान आणि मग बेलग्रेड, समोर स्पास्की. मी तेव्हा शाळेत होतो आणि पेपरात छापून येणारे डाव कापून वहीत चिकटवायचो. फिशर १० विजय, ५ पराभव, १५ बरोबरी. बक्षीस ५० लाख डॉलर.

ते पैसे कुठून आले हे पुष्कळ वर्षांनी वाचलं आणि वही परत उघडावीशी वाटेना. सामन्याचा यजमान येझदिमिर वासिल्येविच हा 'युगोस्कांदिक' नावाच्या खासगी बँकेचा मालक. परकीय चलनातल्या ठेवींवर महिन्याला १० टक्के आणि त्याहून जास्त व्याज द्यायचा. महिन्याला, वर्षाला नाही. दुसरी तशीच बँक दाफिना मिलानोविच या बाईंची, 'दाफिमेंट'. दोन्ही म्हणजे नव्या ठेवीदाराच्या पैशांतून जुन्याला व्याज. मार्च १९९३ ला वासिल्येविच देश सोडून पळाला आणि पाठोपाठ दाफिमेंटही बसली. ज्यांनी महागाईपासून वाचवायला म्हणून आयुष्यभराचे मार्क तिथे ठेवले होते, त्यांचे गेले. सरकारी बँकांत ठेवलेलं परकीय चलन तर आधीच गोठवून ठेवलेलं होतं.

म्हणजे १९९४ च्या जानेवारीत त्या लोकांना सरकारी बँकेने बुडवलं होतं, खासगी बँकेने बुडवलं होतं आणि नोटेने बुडवलं होतं. तरीही त्यांनी एका म्हाताऱ्याच्या शब्दावर मार्क देऊन कागद घेतला. हे मला त्या योजनेपेक्षा मोठं वाटतं.

---

स्टुटगार्टकर

इथे माझ्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक सर्बियन कुटुंब आहे, गास्टअर्बाइटर, म्हणजे जर्मनीने बाहेरून बोलावलेले कामगार, म्हणून आलेली पिढी. ते काका सांगतात, त्या दोन वर्षांत इथून जाणाऱ्या बसचे ड्रायव्हर म्हणजे चालतं पोस्ट ऑफिस होते. पाकिटात ५० मार्क घालून वर नाव लिहायचं आणि ड्रायव्हरकडे द्यायचं. बेलग्रेडच्या स्थानकावर आई येऊन उभी असायची. ५० मार्कांत तिचं घर महिनोन्महिने चालायचं, कारण तिथले पगार आणि पेन्शन हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मार्कांवर आले होते.

काकांच्या लेखी अव्रामोविच हा एकच राजकारणी, ज्याच्याबद्दल ते चांगलं बोलतात. मी म्हटलं, ते राजकारणी कुठे होते? तर काका म्हणाले, झाले ना, आणि तिथेच चुकलं.

---

सडेतोड

सगळे भारावून लिहिताहेत. मला यातली एक बाजू मांडायची आहे आणि ती कडू आहे.

जानेवारी १९९४ मध्ये मिलोशेविचची सत्ता कशामुळे पडू शकत होती? युद्धात हरून नाही. उपाशी, गोठलेल्या शहरांमुळे. अव्रामोविचांनी ते शहर वाचवलं आणि त्यासोबत ती राजवटही वाचवली. ते जुलै १९९५ मध्येही गव्हर्नर होते. त्या महिन्यात बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात सर्ब सैन्याने हजारो मुस्लिम पुरुषांची कत्तल केली, ते सगळ्यांना माहीत आहे. बोस्नियातल्या सर्ब सैन्याला पैसा आणि रसद बेलग्रेडमधूनच जात होती. टिकाऊ दिनार म्हणजे त्या युद्धालाही टिकाऊ दिनार. त्या माणसाचा हेतू चांगला होता हे मान्य. पण हेतूने हिशेब बदलत नाही.

---

सावाकाठी

@सडेतोड, हा प्रश्न मी आजींना विचारला होता. त्यांचा भाचा १९९१ ला सैन्याची बोलावणी टाळून देश सोडून गेला तो परत आलाच नाही, त्यामुळे त्यांना राजवटीचं प्रेम असण्याचं कारण नव्हतं. त्या म्हणाल्या, "भुकेला माणूस सत्ता उलथत नाही रे. तो रांगेत उभा असतो."

हे मला आकड्यांतही दिसतं. महागाई सगळ्यात भयंकर होती त्याच काळात, डिसेंबर १९९३ च्या निवडणुकीत, मिलोशेविचच्या समाजवादी पक्षाला सर्बियाच्या संसदेत सर्वाधिक जागा मिळाल्या. आणि हजारो लोक हिवाळाभर रस्त्यावर उतरले ते १९९६-९७ ला, भाव थांबल्यावर. रांगेतून मोकळं झाल्यावर माणसाला मत सुचतं. तुमचा १९९५ चा मुद्दा मात्र मी खोडत नाही. तो खोडता येण्यासारखा नाही. पण दिनार कोसळत असतानाही ते युद्ध चालूच होतं. त्या काळात छापलेल्या नोटांनीच त्याचा खर्च भागवला आणि तो गरिबांच्या पगारातून वसूल झाला. नोट थांबवल्याने युद्ध सुरू झालं नाही.

आता उरलेली गोष्ट.

सुपरदिनार एकास एक फार काळ टिकला नाही. १९९४ च्या उत्तरार्धात शेतमालाच्या खरेदीसाठी, मोडक्या कारखान्यांसाठी पुन्हा पैसा सोडायला सुरुवात झाली आणि वर्षअखेर चौकातला मार्क एका दिनारच्या बराच वर गेला. नोव्हेंबर १९९५ मध्ये, बोस्नियातलं युद्ध थांबवणारा करार डेटनला ठरताच, अधिकृत दर एका मार्काला ३.३ दिनार केला. घसरण होती, पण माणसाला समजेल अशी. शून्यांची माळ परत लागली नाही.

गव्हर्नर म्हणून त्यांचा खटका उडाला तो यापुढच्या पायरीवर. त्यांचं म्हणणं सरळ होतं: हा देश आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत आणि जागतिक बँकेत परत गेल्याशिवाय जगणार नाही, आणि कारखान्यांची मालकी सरकारच्या हातातून सुटली पाहिजे. नाणेनिधीची अट होती की जुन्या युगोस्लाव्हियाचा वारसा पाच देशांत वाटला जाईल आणि तुम्ही त्यांतले एक म्हणून याल. मिलोशेविचचा हट्ट होता की जुना युगोस्लाव्हिया म्हणजे आम्हीच. अव्रामोविचांनी वाटाघाटीत नाणेनिधीची बाजू व्यवहार्य म्हणून स्वीकारायची तयारी दाखवली. ज्या माणसाने आयुष्यभर देशांच्या कर्जाचा अभ्यास केला, त्याला बिरुदापेक्षा सभासदत्व महत्त्वाचं वाटणारच. १५ मे १९९६ ला संसदेने त्यांना पदावरून काढलं.

बाहेर पडले तेव्हा देशात त्यांच्याइतका लोकप्रिय माणूस शोधून सापडला नसता. विरोधकांनी त्यांना गाठलं. वुक द्राश्कोविच, झोरान जिंजिच, वेस्ना पेशिच यांच्या पक्षांची 'झायेदनो' नावाची आघाडी झाली. झायेदनो म्हणजे एकत्र. निवडणुकीपुरते आणखी एका विरोधी पक्षाचे नेते कोश्तुनित्साही आले. आघाडीच्या शिरावर नाव अव्रामोविचांचं. पहिल्यांदाच मिलोशेविचसमोर असा चेहरा आला, ज्याला देशद्रोही म्हटलं तर खेड्यातल्या म्हातारीनेही मानलं नसतं, कारण तिच्या पदराला बांधलेला दिनार त्या माणसाने दिला होता.

आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये, मतदानाला महिनाही उरला नसताना, त्यांनी माघार घेतली. कारण दिलं प्रकृतीचं. ३ नोव्हेंबरच्या मतदानात सत्ताधारी आघाडीला ६४ जागा मिळाल्या, झायेदनोला २२.

आजींनी त्या दिवशीचं वर्णन केलं ते एवढंच: शिक्षकांच्या खोलीत रेडिओ लागलेला होता, बातमी संपली, कुणीतरी उठून रेडिओ बंद केला आणि तास झाला नव्हता तरी सगळे आपापल्या वर्गाकडे गेले.

---

नवी पालवी

माघार का घेतली असेल? दबाव?

---

सावाकाठी

बेलग्रेडमध्ये यावर अजून बोललं जातं आणि प्रत्येकाचं मत वेगळं. मी त्यांच्या तोंडचं कारण धरतो. ७७ वर्षांचा माणूस, हवेत गारठा, रोज दोन शहरांत सभा, आणि एकमेकांशी न पटणारे चार पक्षनेते सांभाळायचे. गव्हर्नर असताना त्यांच्या हातात एक नियम होता, तो पाळला की झालं. आघाडीत नियम नव्हता, रोज नवी समजूत काढावी लागायची. मला वाटतं, त्यांची सगळी ताकद 'नाही' म्हणण्यात होती, आणि निवडणूक 'हो' म्हणत लढवावी लागते.

---

आकडेमोड

@सावाकाठी, "नाही म्हणण्यात ताकद" हे अगदी पटलं. मध्यवर्ती बँकेच्या माणसाचं कामच ते.

आपल्याशी एक धागा जुळतो तो सांगतो. ब्रांट आयोगाचं सचिवालय अव्रामोविच सांभाळत होते, त्या आयोगावर भारतातून लक्ष्मीकांत झा होते, आपल्या रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर. म्हणजे १९७७ ते १९८० या काळात एक माजी गव्हर्नर आणि एक भावी गव्हर्नर एकाच अहवालावर काम करत होते.

आणि गव्हर्नरपदावरून राजकारणात गेलेल्यांत मराठी माणसाला चिंतामणराव देशमुख आठवणारच. १९४४ च्या ज्या ब्रेटनवूड्स परिषदेत जागतिक बँक जन्मली, तिथे ते भारताच्या शिष्टमंडळात होते. पुढे अर्थमंत्री, कुलाब्याचे खासदार, आणि १९५६ ला मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा. त्यांचंही मोठेपण लोकांच्या लक्षात राहिलं ते एका नकारामुळे.

---

खारीक

अव्रामोविचांवर सगळे लिहिताहेत तर त्यांच्या नंतरच्या पिढीचंही लिहायला हवं, नाहीतर गोष्ट अर्धी राहते. माझा पीएचडीचा विषय पूर्व युरोपातल्या बँका होता.

म्लाजन दिंकिच, जन्म १९६४, बेलग्रेडच्या अर्थशास्त्र विद्याशाखेत शिकवणारा तरुण. १९९५ साली, म्हणजे मिलोशेविच ऐन भरात असताना, त्याने पुस्तक काढून महागाईच्या नावाखाली जनतेची लूट कशी झाली ते मांडलं. नोटा कुठे गेल्या, चौकातले मार्क कुणाच्या तिजोरीत पोचले, दोन्ही बुडीत बँकांमागे कोण. वरचा @चौसष्ट घरं यांचा प्रतिसाद वाचताना तेच आठवलं. अर्थतज्ज्ञांचा 'जी १७' नावाचा गट त्यातूनच उभा राहिला. ५ ऑक्टोबर २००० ला मिलोशेविचची सत्ता गेली आणि ३५ वर्षांचा दिंकिच थेट अव्रामोविचांच्या खुर्चीवर, गव्हर्नर.

जानेवारी २००२ मध्ये त्याने देशातल्या चार मोठ्या बँका एका झटक्यात बंद केल्या: बेओग्राद्स्का, बेओबांका, इन्वेस्टबांका, युगोबांका. हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्या बँका आतून पोकळ होत्या हे खरं, पण तो राग त्याच्या नावाला कायमचा चिकटला. गोठवलेल्या जुन्या परकीय ठेवींचे सरकारी रोखे करून ते टप्प्याटप्प्याने फेडण्याची सुरुवातही याच काळातली. शेवटचा हप्ता २०१६ ला गेला. १९९१ ला अडकलेला पैसा मिळायला २५ वर्षं. ज्यांनी ठेवला त्यांतले किती जण घ्यायला उरले असतील!

मग पक्ष काढला, 'जी १७ प्लस'. आधी अध्यक्ष मिरोल्युब लाबुस, तोही अर्थशास्त्राचा प्राध्यापक. लाबुस २००२ ला राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला आणि मतदान निम्म्याहून कमी झालं म्हणून ती निवडणूकच बाद ठरली. २००६ च्या मे महिन्यात, बोस्नियातल्या युद्धातला सर्ब सेनापती म्लादिच, त्याला पकडून देण्याची मुदत सरकारने पाळली नाही आणि युरोपीय संघाने बोलणी थांबवली, तेव्हा लाबुसने उपपंतप्रधानपदाचा राजीनामा दिला. मला या सगळ्या माणसांत तो क्षण फार स्वच्छ वाटतो.

दिंकिच मात्र राहिला. अर्थमंत्री झाला, १ जानेवारी २००५ पासून मूल्यवर्धित कर आणला, क्रागुयेवाचला फियाट आणली. पण मतांसाठी प्रत्येक नागरिकाला १००० युरोंचे फुकट शेअर देण्याचं आश्वासन त्याने दिलं होतं आणि लोकांच्या पदरात पडलं ते त्याच्या जवळपासही नव्हतं. २०११ ला मंत्रिमंडळाबाहेर पडला, २०१२ ला परत आला, २०१३ ला परत गेला. २०१४ ला त्याच्या पक्षाला जेमतेम ३ टक्के मतं मिळाली, मर्यादा ५ टक्क्यांची. तिथे संपलं.

ज्याने लोकांना खोट्या नोटेचा हिशेब समजावून सांगितला, त्याने त्याच लोकांना न जमणारा आकडा सांगावा, याचं मला अजून वाईट वाटतं. प्रबंध लिहिताना ते प्रकरण मी तीनदा फाडून लिहिलं.

---

पावशेर

@खारीक, जबरदस्त प्रतिसाद. वेगळा धागा काढा यावर.

@सडेतोड, तुमचं काय मत आता?

---

सडेतोड

माझं मत मुळातून बदललं नाही. @सावाकाठी यांनी १९९३ ची निवडणूक दाखवली, ती मी विचारात घेतली नव्हती. उपासमारीने ती राजवट पडली असती हे मी धरून चाललो होतो, आणि त्याला आधार नाही हे मान्य करतो. पण कुठल्याही हुकूमशहाच्या हाताखाली काम करणाऱ्या तज्ज्ञाला हा प्रश्न विचारलाच गेला पाहिजे असं मला अजूनही वाटतं.

अव्रामोविचांनी १९९६ नंतर मिलोशेविचविरुद्ध काही केलं का? की माघार घेऊन अमेरिकेला परत?

---

सावाकाठी

केलं. १९९९ मध्ये नाटोची ७८ दिवसांची बाँबफेक संपली आणि विरोधकांच्या 'सावेझ झा प्रोमेने' म्हणजे परिवर्तन आघाडीने मिलोशेविचने पायउतार व्हावं म्हणून चळवळ सुरू केली. निवडणूक होईपर्यंतच्या हंगामी सरकारचे प्रमुख म्हणून त्यांनी नाव पुढे केलं ते अव्रामोविचांचं. वय ७९. प्रकृती खरोखरच खालावलेली. तरी त्यांनी नाव द्यायला हो म्हटलं. हुकूमशहाच्या हाताखाली काम केल्याचा हिशेब कुणी मागितला तर माझ्या मते त्यांच्या बाजूने हे लिहावं लागेल. ते सरकार आलं नाही, चळवळ त्या वर्षी थकली आणि पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात दुसऱ्या वाटेने यश आलं.

२० डिसेंबर २००० ला युगोस्लाव्हिया आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत परत गेला, पाच वारसांपैकी एक म्हणून. ज्या अटीवरून त्यांना १९९६ ला घरी पाठवलं होतं तीच अट. अव्रामोविच तेव्हा मेरीलँडमध्ये आजारी होते. २६ फेब्रुवारी २००१ ला तिथल्याच रॉकव्हिलला त्यांचं निधन झालं.

आजींना ही तारीख पाठ आहे. त्या दिवशी त्या चर्चमध्ये जाऊन खालच्या कप्प्यात मेणबत्ती लावतात. त्यांच्याकडे जिवंत माणसांसाठी वरच्या कप्प्यात आणि गेलेल्यांसाठी खालच्या कप्प्यात लावायची रीत आहे. एका वर्षी मीही सोबत गेलो होतो. मेणबत्त्या विकणाऱ्या बाईला पैसे देताना आजींनी सुटे दिनार हातावर मोजले, एकदाच, आणि पुढे केले.

---

उंबरठा

आणि ती ५०० अब्जांची नोट?

---

सावाकाठी

निघताना मी मागितली होती. कालेमेगदानच्या बागेत विकणारे बसतात, त्यांच्याकडून घे म्हणाल्या, ही नाही देणार. यजमान फाटकाबाहेर उभे राहिले तो त्यांचा शेवटचा पगार, त्यातली ती उरलेली. त्या दिवशी यजमान तापाने फणफणले होते आणि चौकापर्यंत पोचू शकले नाहीत.